ऊस तोडला तिथं रेघ थांबली

मास्तर, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये अशी रीत आहे, आणि मी ती इतकी वर्षं पाळली. कुणी विचारलं की सांगायचे, आमचे विज्ञानाचे मास्तर फार सज्जन होते, सांगलीसारखं शहर सोडून आमच्या आडगावात शिकवायला आले, विडीचं व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळं खरं आहे. पण आज सकाळी सुनेनं लोणच्यात मीठ घातलं आणि मी विचारलं, किती घातलंस? ती म्हणाली, अंदाजानं. मी म्हटलं, अंदाजानं म्हणजे किती? मुठीनं, वाटीनं, का किलोनं? ती बिचारी तिखटाचा हात पदराला पुसत हसली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमी मास्तरीणच व्हायला पायजे हुता." तिला काय ठाऊक! तिनं सहज म्हटलं आणि माझा सगळा दिवस नासला. माझी पुढची शाळा तुमच्या एका शब्दावर अडून राहिली होती, आणि तो शब्द काही तुमच्या तोंडून निघाला नाही. म्हणून जेवणं आटोपल्यावर हा कागद घेऊन बसले आहे.

आपली शाळा म्हणजे चावडीमागच्या दोन खोल्या. इंग्रजी तिसरीपर्यंतच, म्हणजे आताच्या सातवीपर्यंत, वर्ग. मुली आम्ही चारच, आणि चौघींनाही घरून बजावलेलं, मास्तरांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. विज्ञानाचं सामान एका पेटीत मावायचं: एक तराजू, पितळी वजनांचा डबा, काचेच्या दोन नळ्या, आणि पुण्याहून आणलेली एक लांब लाकडी पट्टी, जिला तुम्ही मीटर म्हणायचात आणि जी तुम्ही धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवायचात. आमच्या स्वतःच्या फूटपट्ट्यांना एका कडेला इंच असत आणि दुसऱ्या कडेला बारीक बारीक रेघा. त्या रेघा नक्षीसाठी असाव्यात असं आम्हाला वाटे. तुम्ही आल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या पट्ट्या गोळा केल्यात आणि इंचाच्या कडेवर खळीनं कागद चिकटवून टाकलात. वर्गात एका सुताराचा मुलगा होता. त्यानं घरची पट्टी आणली होती. दुसऱ्या दिवशी सुतार ती पट्टी नाचवत दारात हजर. "आवं मास्तर, पट्टीचं डोळंच बांधलंसा की! आता म्या दाराची चौकट कशानं मोजू?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "सेंटिमीटरनं मोजा. उद्या सगळीकडे तेच येणार आहे." सुतार म्हणाला, "उद्या यील तवा यील, चौकट आज बशिवनार हाय." तुम्ही त्याला कागद काढून दिला नाहीत. त्यानं तो तुमच्यासमोर थुंकी लावून काढला.

सगळं जग शेर, पायली, वीत आणि हातानं चाललं होतं, आणि आमच्या दोन खोल्यांत ग्रॅम आणि सेंटिमीटर. घरी आई म्हणायची, शेरभर दूध आण. वर्गात शेर म्हटलं की तुम्ही कपाळाला हात लावायचात. आणि नुसता आकडा म्हटला तर मग बघायलाच नको. एकदा मी फळ्यावर उत्तर लिहिलं, बारा. तुम्ही विचारलंत, "बारा काय? बारा बैल? बारा भाकऱ्या?" वर्ग हसला. मी घाबरून म्हटलं, "बाराच, मास्तर." तुम्ही मला बाहेर उभं केलंत. बाहेर ऊन होतं आणि चावडीवरची माणसं मला बघत होती. ग्रॅम हा एक शब्द लिहायचा राहिला म्हणून पोरीच्या जातीला भर उन्हात उभं करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता आणि पुढंही पाहिला नाही.

मग आले आलेख. लढाईचे दिवस, साध्या वहीला कागद मिळेना, तिथं चौकटींचा कागद कुठला मिळायला? तुमचं त्यावर उत्तर तयार होतं. दुकानातून सामान बांधून येतं तो तपकिरी कागद घ्या, निखारे भरलेला इस्त्रीचा तांब्या फिरवून सपाट करा आणि चौकटी स्वतः आखा. उभ्या रेघा, आडव्या रेघा, दोन रेघांमधलं अंतर सगळीकडे सारखं. एक चौकट तिरकी गेली की सगळा कागद परत. आलेख काढायला घटकाभर वेळ लागायचा आणि चौकटी आखायला दोन संध्याकाळी. एकदा मी वैतागून म्हटलं, "मास्तर, येवढ्यात आमी चादर इनली असती." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, चादरीतही ताणा सरळच लागतो. तुमच्याशी थट्टा करायची सोय नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडाला तुम्ही सांगितलंत, प्रत्येकानं वाढणारी एक वस्तू निवडायची आणि दर रविवारी मोजायची, पुढच्या संक्रांतीपर्यंत. कुणी ज्वारी घेतली, कुणी भोपळ्याचा वेल. एकानं रेडकाची शेपूट घेतली आणि तुम्ही गंभीरपणे तीही मान्य केलीत. मी आमच्या नदीकाठच्या वावरातला एक ऊस घेतला. रानात सगळे ऊस सारखेच, म्हणून खूण म्हणून बुडाशी एक लाल चिंधी बांधली. आबांनी, माझ्या वडिलांनी, मला एक सरळ बांबू तासून दिला आणि मी त्यावर तुमच्या मीटरवरून काजळानं खुणा केल्या. दर रविवारी सकाळी मी त्या फडात शिरते आहे. पानांची धार हातावर ओरखडे काढते, त्यांची काट्यासारखी बारीक कूस अंगात शिरते, पावसाचं पाणी वरून मानेवर पडतं, आणि मी बांबू उसाला लावून शेवटचं पेर शोधते आहे. मोजताना मी मोठ्यानं म्हणते, सेंटिमीटर. फडात ऐकणारं कुणी नाही, तरी म्हणते.

आणि खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. आषाढात ऊस आळसावल्यासारखा होता, रेघ जवळजवळ आडवीच. श्रावण लागला आणि रेघ उठली. मी कागदावर ठिपका ठेवायचे आणि तो आदल्या ठिपक्याच्या इतका वर जायचा की मला वाटे, मोजण्यात चुकलं. परत फडात जायचे, परत मोजायचे. चूक नसायची. आमच्या रानात एवढं काही चाललेलं आहे आणि ते घरात कुणाला दिसत नाही, मला एकटीला दिसतं, याचा मला काय आनंद व्हायचा! आबा जेवताना विचारायचे, "काय म्हंतोय तुझा ऊस?" मी सांगायचे. ते आकडा ऐकून मान हलवायचे, आणि मग हळूच विचारायचे, "म्हंजी किती हात?"

आता थोरल्या आईचं सांगते. थोरली आई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. तिचा एकुलता एक मुलगा फौजेत होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठंतरी, आणि त्याचं पत्र येईनासं झालं होतं. ती खुरपायला फडात गेली आणि तिला ती लाल चिंधी दिसली. मी दर रविवारी पहाटेच आंघोळ करून त्या उसापाशी जाते, काहीतरी म्हणते, हे तिनं आधीच पाहिलं होतं. तिच्या मनानं घेतलं की पोरीनं भावासाठी नवस बोललाय. पुढच्या रविवारी गेले तर माझ्या उसाला हळदकुंकू. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक चिंधी. मग ज्यांची ज्यांची मुलं फौजेत होती त्या बायकांच्या चिंध्या. मला ऊस मोजायला चिंध्या बाजूला साराव्या लागायच्या. मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही विचारलंत, "चिंध्यांनी वाढीत फरक पडला का?" मी म्हटलं, न्हाई. "मग मोजत राहा."

थोरल्या आईला मी काय सांगणार होते? ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "माझ्या लेकासाठी लय करतीस गं बाई." अशा बाईला सेंटिमीटर कसा समजावायचा, हे तुमच्या पुस्तकात नव्हतं.

कार्तिकात तुळशीचं लग्न आलं. मांडवाला ऊस लागतात, ते दरसाल आमच्याच फडातले. थोरली आई स्वतः कोयता घेऊन गेली आणि नवसाचा ऊस देवाच्या कामी यावा म्हणून माझाच ऊस बुडातून तोडून आणला. मी शाळेतून आले तर वृंदावनाशी तो उभा, चिंध्यांसकट, आणि त्याच्या खाली भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत. मी हंबरडा फोडला. सगळ्यांना वाटलं, भावाच्या आठवणीनं रडतेय. थोरली आईपण रडली. दोघी गळ्यात गळे घालून रडलो, ती एका कारणानं आणि मी भलत्याच. पुढं तिचा मुलगा धडधाकट परत आला. त्याचं श्रेय तिनं मरेपर्यंत त्या उसालाच दिलं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्यापुढं उभी. शेजारचाच ऊस आहे, म्हटलं, तेवढाच उंच, बोटभराचा फरक नाही, तो पुढं मोजते. तुम्ही म्हणालात, "तो दुसरा ऊस आहे." बरं, म्हटलं, वाढ आता मंदावलीच होती, संक्रांतीपर्यंत रेघ कशी जाईल ते कुणीही सांगेल, तेवढी ठिपक्याठिपक्यांची काढते. "तू मोजलंस का?" न्हाई. "मग काढायची नाही. ऊस तोडला तिथं रेघ थांबली." आणि रेघेच्या टोकाशी मला लिहायला लावलंत: येथे ऊस तोडला. तपकिरी कागदाचा उजवा भाग तसाच कोरा. दोन संध्याकाळी घालवून आखलेल्या चौकटी, आणि त्यांत काही नाही. रेडकाच्या शेपटीची रेघ मात्र पार टोकापर्यंत गेली होती.

हे सगळं मी तुम्हाला माफ केलं असतं. मुलांना वळण लावायचं तर कडक व्हावं लागतं, एवढं मलाही कळतं. पण त्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्या घरी आलात, ते नाही माफ करता येत.

इंग्रजी तिसरी झाली होती. पुढं शिकायचं तर सांगलीला मावशीकडे राहावं लागणार होतं. मावशी तयार होती, आई तयार होती, आबांच्या मनातही होतं. आडवे होते ते थोरले चुलते. ते म्हणायचे, पोरगी मॅट्रिक करून काय कलेक्टर होणार आहे? आणि आमच्या घरात त्यांचा शब्द मोडायची आबांची छाती नव्हती. आबांनी एक युक्ती काढली. मास्तरांना चहाला बोलवायचं, चुलत्यांच्या देखत विचारायचं, मास्तर काय ते सांगतील, आणि शिकलेल्या माणसानं तोंडावर सांगितल्यावर चुलते नाही म्हणणार नाहीत. दोन दिवस आधी आबा मला म्हणाले, "तू काय काळजी करू नगंस. मास्तर तुझं गुण गातील, आमी हो म्हनू." मी सांगलीला न्यायच्या कपड्यांची घडीसुद्धा घालून ठेवली होती.

तुम्ही आलात. बाहेरच्या सोप्यात घोंगडं अंथरलेलं, चुलते भिंतीला टेकून सुपारी कातरत बसलेले. मी आणि थोरली आई माजघराच्या दारामागं. तुम्ही चहाच्या कपाला पुरता हात लावायच्या आत आबांनी विचारलं. बघत होते तुमच्याकडे, पण आवाज चुलत्यांना ऐकू जावा असा. "मास्तर, आमची पोरगी हुशार हाय न्हवं?"

तुम्ही कप खाली ठेवलात. विचार केलात. मला अजून तो तुमचा विचार करतानाचा चेहरा दिसतो आणि अंगाचा तिळपापड होतो. तुम्ही म्हणालात, "हुशारी मोजायचं माप माझ्यापाशी नाही. परीक्षेत ती वर्गात तिसरी आली."

आबांनी सावरून घेतलं. "तिसरी म्हंजी वरचीच की."

"वर्ग लहान आहे," तुम्ही म्हणालात. "त्यावरून फार काही ठरवता येणार नाही."

आबा पुढं सरकले. "पर फुडं शिकली तर मॅट्रिक व्हईल न्हवं, मास्तर? तुमास्नी काय वाटतंय?" इथं 'व्हय' म्हणायला किती दम लागतो हो? दोन अक्षरं. मुंडी हलवली असतीत तरी चाललं असतं. तुम्ही म्हणालात, "ते आज सांगता येणार नाही. पण तिचं काम मी आणलंय, तुम्हीच बघा." आणि पिशवीतून माझा आलेख काढून घोंगड्यावर पसरलात. तुम्हाला वाटलं असेल, यापेक्षा मोठी शिफारस ती कुठली. आबांना त्यातलं काही समजेना. चुलत्यांनी वाकून बघितलं आणि रेघेच्या टोकावर सुपारीचं बोट ठेवलं. "ही मदीच का थांबली?"

"तिथं ऊस तोडला."

"म्हंजी काम अर्धंच राह्यलं म्हना."

"हो," तुम्ही म्हणालात. "अर्धं राहिलं."

चुलते आबांकडे वळले. "ऐकलंस न्हवं? मास्तरच सांगत्यात." आणि परत सुपारी कातरायला लागले. दारामागं थोरल्या आईनं माझा दंड घट्ट धरला. तिला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. "अगं, त्यो तर म्या तोडला," ती कुजबुजली, आणि एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकून म्हणालीसुद्धा, "आवं, जरा ऐकता का," पण परक्या माणसापुढं बायको सोप्यात आलेली बघून चुलत्यांनी असे डोळे वटारले की ती मागं सरली. तुम्ही उठलात, आणि जाताना दारापाशी मला आलेख परत देत म्हणालात, "पुढच्या हंगामात नवीन ऊस घे. या वेळी चिंधी बांधू नकोस." पुढच्या हंगामात! आत काय घडलं ते तुम्हाला कळलंच नव्हतं. तुम्ही छत्री उघडून निघूनसुद्धा गेलात.

त्याच साली मार्गशीर्षात माझं लग्न झालं, खंडाळ्याच्या बाजूला. माणसं चांगली मिळाली, खोटं कशाला सांगू. दोनतीन वर्षांनी माहेरी गेले तेव्हा थोरल्या आईकडून कळलं, तुम्ही सांगलीला क्षयानं गेलात. मी रडले नाही. मला एवढंच वाटलं, आता भांडायचं कुणाशी? चुलत्यांवर रागावून काय उपयोग, ते तसेच होते. आबांची मला कीव यायची. राग धरावा असं माणूस एकच होतं, कारण माझा कुणावर पुरा भरवसा असेल तर तो तुमच्यावर होता. मी मनाला समजावून पाहिलं आहे. म्हटलं, खोटं बोलले असते तर ते मास्तर राहिले नसते. बरं, नसतात राहिला! एका चहापुरते नसतात राहिला मास्तर, तर काय बिघडलं असतं?

आणि मग तुमचं ते किलो-मीटर आलं. सरकारनं शेर बंद केला आणि बाजारात नुसता गोंधळ. तेलवाला लिटरच्या नावाखाली काय माप भरायचा देव जाणे, कापडवाला गज मोजून मीटरचे पैसे घ्यायचा. गावात एकट्या मला ते सगळं पाठ. बायका डबे घेऊन माझ्या ओट्यावर यायच्या, मी शेराचे किलो करून द्यायचे, बाजारात जाऊन कापडवाल्याची पट्टी उलटी करून दाखवायचे. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, आमची सून मोजल्याबिगर बोलत न्हाई. तेव्हापासून गावात माझं तेच नाव झालं. जमिनीचा बांध असो, लग्नातली भांडणं असोत, लोक म्हणतात, तिला विचारा, ती वाढवून सांगणार नाही. मी मनात तुम्हाला म्हणायचे, बघा, तुमचं खरं झालं, आणि बघायला तुम्ही नाही. तुमचा वेळेशी कधी मेळच बसला नाही.

आता कबूल करायचं ते करते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीतला एक गवंडी माझ्याकडे आला. त्याची पोरगी सातवी झालेली, पुढची शाळा दुसऱ्या गावाला, एस.टी.नं जावं लागणार. त्याचा भाऊ बरोबर होता, तोंड वाकडं करून. गवंडी म्हणाला, "आक्का, तुमी खोटं बोलत न्हाई म्हनून इचारतो. पोरगी हुशार हाय का? शिकवू का?" पोरगी मी रस्त्यानं जातायेता पाहिलेली, तेवढीच ओळख. तिला वजाबाकी येते का नाही तेही मला माहीत नव्हतं. मी त्याच्या भावाकडे बघितलं आणि बेधडक सांगितलं, "लय हुशार हाय. असली पोरगी म्या आख्ख्या तालुक्यात बघितली न्हाई. घरी बसवलीस तर पाप लागंल." भाऊ चपला पायात सरकवायला लागला. तुमच्या छडीखाली शिकून जी काही पत मी गावात मिळवली होती, ती सगळी मी त्या एका वाक्यावर लावली.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि असती तरी मी टाकलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला सहन झालं नसतं. पोरगी सहामाहीला गणितात नापास झाली. परवा गवंडी गुणांचा कागद घेऊन आला आणि माझ्यापुढं धरला. मी चष्मा लावला, नीट वाचला आणि म्हटलं, तपासणाऱ्याचं चुकलं असंल, आकड्याकडं बघू नगंस. बाहेर उभं करायचं तर करा मला, मास्तर. पोरगी अजून शाळेत जाते.